मागच्या पातेल्यातला चहा

या, अशा भट्टीजवळ सरका. तिकडं लांब उभं राहून काय ऐकू येणार आहे? आणि आधी एक बोलून घेते, रागावायचं नाही. नवा रस्ता झाला तसे तुम्ही सगळे काचा वर करून सुसाट जाता. ज्यांचे बाप-चुलते आमच्या बाकावर तास तास बसायचे, ती माणसं आता मोटारीतून नुसता हात हलवतात. हात हलवून चहा पोटात जातो होय? जराशी लाज वाटू द्या.

बरं, आता बसलाच आहात तर सांगते. निरवांगीच्या अलीकडं एक फाटा फुटतो, तिथं लिंबाखाली आमचं हॉटेल. हॉटेल म्हटलं की शहरातल्या वाचकाला टेबलखुर्च्या दिसतील, म्हणून खुलासा करते. पत्र्याचं छप्पर, एक भट्टी, दोन बाकं. चहा, भजी, शेवचिवडा, उन्हाळ्यात ताक. गाव आत दीड मैलावर. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढं लोकांच्या लेकीबाळींच्या गोष्टी येणार आहेत. मी सून होऊन इथं आले ती चौथी शिकलेली. पुढचं शिक्षण हॉटेलात येणाऱ्या वर्तमानपत्रावर, तेही भज्याच्या तेलानं निम्मं पारदर्शक झालेलं. तेव्हा काही चुकलं-माकलं तर तेलाला दोष द्या.

हे हॉटेल किती जुनं, याचं मला आल्या दिवसापासून कुतूहल. सासूबाई सांगायच्या, त्यांच्या सासूनं, म्हणजे ठकूबाईनं, ते मांडलं. आमची माणसं मूळची मेंढरं राखणारी. कळप घेऊन चाललेल्या असताना ठकूबाईंचा पाय मुरगळला, कळप पुढं गेला, आणि त्या लिंबाखाली तीन दगड मांडून बसल्या त्या बसल्याच. गावातले एक आबा सांगायचे, छे, कॅनॉलच्या खोदकामावरच्या माणसांना चहा लागायचा म्हणून ते सुरू झालं. एसटीचा एक म्हातारा ड्रायव्हर तर शपथेवर सांगायचा, पहिली गाडी त्याच्या बापानं आणली आणि त्यानंच चहा मागितला, तोवर इथं काही नव्हतं. तिघांच्या तीन तऱ्हा. मग आम्ही भट्टी नव्यानं बांधायला काढली, तेव्हा मी स्वतः खाली उकरून बघितलं. राख लागली. मुठीनं उपसत गेले, कोपरापर्यंत हात गेला तरी राखच. त्या राखेत निळ्या काठाच्या बशीचा तुकडा सापडला, आणि त्याच्याही खाली मेंढराच्या गळ्यातली घंटी. मी ती घंटी धुऊन सासूबाईंना दाखवली. त्या म्हणाल्या, "बग, मी काय म्हनत हुते?" ड्रायव्हरला दाखवली तर तो म्हणाला, "मेंढरू काय एसटीच्या आधीच मेलं पायजे व्हय?" म्हणजे निकाल काही लागला नाही.

आणखी एक गोष्ट मी विचारून विचारून काढली. बाहेरच्या भिंतीला, पत्र्याच्या खाली, चार लाकडी खुंट्या होत्या. त्यावर कधी काही टांगलेलं मी बघितलं नव्हतं. सासूबाईंना विचारलं की त्या विषय बदलायच्या. एक दिवस खनपटीलाच बसले, तेव्हा खाली मान घालून म्हणाल्या, "त्येंचे कप आसायचे तितं. त्येंनीच घ्यायचे, त्येंनीच धुवायचे." कुणाचे, ते मी विचारलं नाही. मला कळलं होतं. ते कप तिथून कधी गेले ते त्यांनी सांगितलं नाही, पण खुंट्या तशाच राहिल्या होत्या. मी ह्यांच्याकडून, म्हणजे आमच्या मालकांकडून, त्या त्याच दिवशी उपटून घेतल्या. हॉटेलचा इतिहास लिहायला बसले तर हेही लिहायला पाहिजे ना? आमच्या चहानं तोंड न उघडता पुष्कळ काही बोलून घेतलंय, आणि ते सगळं चांगलं नव्हतं.

आता धंद्यातली गोष्ट. फाट्यावरचं हॉटेल चहावर चालतं असं तुम्हाला वाटत असेल. चहा पोटापुरता. खरं काम चौकशीचं. सोयरीक जमवायला निघालेली माणसं थेट गावात जात नाहीत. आधी फाट्यावर थांबतात, चहा मागवतात, रस्त्याकडं बघत बसतात आणि मग सहज विचारल्यासारखं विचारतात, "अमक्याचं घर कुटं वो?" घर कुठं ते त्यांना माहीत असतं. विचारायचं असतं ते, घर कसं आहे. पोरगी बघायला आलेले विचारतात, पोराचं घरदार बघायला आलेले विचारतात. हॉटेलवाल्याला सगळं ठाऊक असतं. कोण किती बोलतो, कोण सकाळीच डुलत येतो, कुणाची सून माहेराहून परत येत नाही.

आणि हॉटेलवाल्यानं ते सांगायचं नसतं. ठकूबाईंनी म्हणे एकदा सांगितलं होतं. एका घराबद्दल खरं ते बोलल्या, सोयरीक मोडली, आणि दुसऱ्या दिवशी त्या घरच्यांनी येऊन छप्पर मोडलं, चूल पायानं उधळली. तेव्हापासून आमच्यात रीत पडली. बोलायचं नाही, चहानं सांगायचं. आमच्याकडं दूध, पाणी, साखर, पावडर सगळं एकदमच उकळतं, ते पुढचं पातेलं. पण भट्टीच्या मागच्या अंगाला एक लहान पातेलं कायम असायचं, त्यात बिनसाखरेचा. घर चांगलं असेल तर पुढच्या पातेल्यातला. घरात खोट असेल तर मागच्या पातेल्यातला. उसाच्या मुलखात फिक्का चहा म्हटल्यावर शहाण्या माणसानं काय ते समजून गाडी फिरवायची. सासूबाईंनी हे मला शिकवलं तेव्हा दार लोटून घेतलं होतं. म्हणाल्या, "ह्ये आपल्या दोगींत. जाणत्यास्नी समदं ठावं हाय, त्येंना सांगायची गरज न्हाय. आन् गावाला कळलं तर पत्रा ऱ्हानार न्हाय."

मला काय अभिमान वाटायचा! कधी साखरेचा, कधी बिनसाखरेचा. हातातल्या किटलीवर घरं जुळतात नि मोडतात असं वाटायचं.

मग तो दिवस आला. फार वर्षं नाही झाली, मोबाईल सगळ्यांच्या खिशात आले होते. आमच्या गावातल्या नामदेवआबांच्या सुरेखाला बघायला बावड्याची माणसं यायची होती. सुरेखा म्हणजे माझ्यासमोर वाढलेली. आईचं आजारपण निघालं म्हणून नर्सिंगचा कोर्स मध्यात सोडून आलेली, घर एकटीनं ओढलेली. आबा रागीट, पण घर निर्मळ. मी सकाळीच पुढच्या पातेल्यात मूठभर जास्त साखर टाकून ठेवली होती.

जीप आली. पाच माणसं. त्यातले मुलाचे चुलते सोपानतात्या, पांढरं मुंडासं, सगळे त्यांच्या तोंडाकडं बघून बोलत होते. म्हणजे निर्णय त्यांचा, हे मी ओळखलं. मुलाचे वडील भट्टीजवळ येऊन हळूच म्हणाले, "मला बिनसाखरेचा करा. डॉक्टरनं बंद केलीया." आता हे अलीकडचं. ऊस पिकवणाऱ्या निम्म्या माणसांना साखर वर्ज्य झालीय. मी मागच्या पातेल्यातला एक कप भरला, ताटलीत कडेला ठेवला, "कडेचा तुमचा" असं सांगितलं आणि भजी उलटायला वळले. भट्टीचा आवाज असतो, बाहेरचं ऐकू येत नाही, नुसतं दिसतं, तेही भज्याच्या धुरातून अर्धंमुर्धं. दिसलं ते असं: सोपानतात्यांनी एक घोट घेतला, कप बाकावर ठेवला, उभे राहिले, हात फिरवला. सगळे जीपमध्ये चढले. जीप गावाकडं न जाता आल्या वाटेनं परत गेली.

मी भज्याचा झारा तसाच टाकला. बाकापाशी गेले. तात्यांच्या कपात चहा भरलेला. बोट बुडवून चाखला. फिक्का! मुलाच्या वडलांचा कप बघितला तर तळाला साखरेचा चिकटा, चाटूनपुसून प्यालेले. कडेचा कप तात्यांनी उचलला होता.

गावात आबांच्या दारात मांडव घातल्यासारखी माणसं जमलेली असणार, सुरेखा साडी नेसून बसलेली असणार, आणि पाहुणे फाट्यावरूनच परत! एकदा का असं झालं की पुढच्या दहा घरांत तेच पोचतं, फाट्यावरून परत गेले म्हणजे पोरीत कायतरी आहे. तेही माझ्या हातून.

ह्यांना म्हटलं, "मोपेड काढा. बावड्याला जायचंय."

हे म्हणाले, "आगं, आदी नामदेवआबाला तर इचार, काय झालं ते."

"आबाला काय सांगू? तुमच्या पोरीची सोयरीक माझ्या पातेल्यानं मोडली म्हणून? मग मागच्या समद्या पातेल्यांचा हिशोब मागतील लोक!"

ह्यांना तोवर मागच्या पातेल्याचं काही माहीत नव्हतं. वाटेत, मोपेडवर मागं बसून, वाऱ्यात ओरडून ओरडून मी सगळं सांगितलं. हे एवढंच म्हणाले, "म्हंजी मला चाळीस वर्सं कंच्या पातेल्यातला देतीस?"

बावड्यात घर विचारत विचारत गेलो तर घरात पुरुषमाणूस नाही. सगळे रानात. तिथं जाऊन बघते तर ऊसतोडीची टोळी लागलेली, कोयते खटाखट चाललेले, बांधावर ट्रॅक्टर उभा आणि सोपानतात्या मुंडासं सोडून, घाम पुसत, मुकादमाशी बोलत होते. मी पुढं झाले, पदर डोक्यावर घेतला, हात जोडले.

"तात्या, मी फाट्यावरली."

"कंच्या फाट्यावरली?"

"तो कप तुमचा न्हवता."

"कंचा कप?"

"फिक्का. तुमी प्यालात त्यो."

"बाई, तुमी बसा आदी. उनातनं आलाय. कुनी पानी द्या रं हिला."

पाणी प्यायले आणि मग धरणाचा दरवाजा उघडावा तसं सगळं ओतलं. पुढचं पातेलं, मागचं पातेलं, ठकूबाई, चूल उधळली ते, जाणत्यांना ठावं असलेली खूण, सगळं. टोळीतल्या बाया कोयते थांबवून ऐकायला लागल्या. सोपानतात्यांचं तोंड उघडं ते उघडंच.

"म्हंजी तुमी फिक्का दिला की आमी मागं फिरायचं?"

"व्हय."

"आन् ह्ये कुनाला ठावं?"

"समद्या जाणत्यास्नी."

"मी साठीचा हाय. ह्या तालुक्यात शंभर सोयरिकी जमवल्यात. मला न्हाय ठावं. कोन जाणता, येकाचं नाव सांगा."

एकाचंही नाव सांगता येईना. सासूबाईंनी मला सांगितलं होतं, त्यांना ठकूबाईंनी. त्याच्यापलीकडं कोण, हे मी कधी विचारलंच नव्हतं. जिला खुंट्यांचं कुतूहल, राखेचं कुतूहल, तिनं ही एवढी एक गोष्ट न विचारता पोटात ठेवली होती.

"मंग तुमी परत का फिरलात?" मी विचारलं.

"आवो, टोळी आली न्हवं! घोट घेतोय तवर फोन आला, मुकादम टोळी घिऊन रानात हुबा हाय. आज न्हाय म्हनलं तर म्हैनाभर ऊस हुबा वाळतोय. नामदेवरावास्नी जीपमधनंच फोन केला, उद्या येतो म्हनून. ते म्हनले, या, आमच्याकडंबी तसंच आसतंय." आणि मग हसू दाबत म्हणाले, "च्या वंगाळ हुता, येवढं खरं."

बांधावर हशा पिकला. मलाही हसू फुटलं. पण एक बाई हसली नाही. तात्यांची बहीण, हौसाआत्या, कोऱ्हाळ्याला दिलेली, सोयरिकीसाठी आलेली, भाकरीची पाटी घेऊन रानात आली होती. ती पाटी खाली ठेवून माझ्याकडं बघत होती.

"दादा, हसायला काय झालं?" ती म्हणाली. "ही बाई येवढ्या उनात, येवढ्या लांब, मोपेडवर बसून आली. कशापायी? घर चांगलं हाय ह्ये सांगायला? चांगल्या घराला कोन येवढं धावतंय? कायतरी झाकायचं आसंल."

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मोडलेलं सांधायला आले होते आणि न मोडलेलं मोडून बसले. मी काही म्हणायला गेले, तर हौसाआत्यानं हात वर केला. "आत्ता न्हाय. उद्या येतोय आमी. आदी तुज्याच हाटेलात बसनार. तवा सांग. च्यानं न्हाय, तोंडानं."

परतीच्या वाटेवर मला मंगल आठवली.

मंगलचे वडील फलटणकडचे. आमच्या गावातल्या एका पोराचं घरदार बघायला आले होते, बरीच वर्षं झाली. पोरगा दारूचा, आईवर हात टाकलेला. मी मागच्या पातेल्यातला दिला. ते सगळा चहा प्याले, मिशा पुसल्या, उठले आणि गावाकडं चालते झाले. मला वाटलं, समजूनउमजून चाललेत, आता त्यांचं ते बघतील, मी माझं काम केलं. लग्न झालं. पुढं त्या पोरीचं काय काय झालं ते सगळं गाव जाणतं. दोन वर्षांनी ती एका पिशवीनिशी फाट्यावर येऊन एसटीची वाट बघत बसली होती. तेव्हा मी तिला चहा दिला, गोड, आणि मनात म्हटलं, तुझ्या बापाला मी सांगितलं होतं बाई. कुठं सांगितलं होतं? कधी? त्या माणसाला मी वाईट चहा पाजला होता, बाकी काही नाही.

सकाळी भट्टी पेटवली, एकच पातेलं चढवलं.

जीप आली. हौसाआत्या पहिली उतरली, बाकावर मधोमध बसली; बाकीचे आणि खुद्द नवरामुलगा कडेला. "हं. सांग."

मी सांगायला लागले. चांगलं सांगणं सोपं. घर निर्मळ, खाण्यापिण्याला कमी नाही, आई आजारी पडली ती या पोरीनं उठवली. मग म्हटलं, "आबा तापट हायती. भावाशी बांधावरनं बोलनं न्हाय. पोरगी तोंडाची फटकळ हाय, दोनदा सांगितलेलं तिला खपत न्हाय. चपाती जाड करती."

"जाड कुनाची न्हाय," सोपानतात्या म्हणाले.

"दादा, गप. आनि?"

आणि होतंच. गावात सगळ्यांना माहीत होतं, बाहेर कुणी बोलत नव्हतं. सुरेखाची आधी एक सोयरीक ठरली होती, सुपारी फुटली होती, आणि तिनंच मोडली होती. आबांनी ते पाहुण्यांना सांगितलेलं नसणार, हे मला ठाऊक होतं. मी सांगितलं तर आत्ता इथून जीप फिरणार, या वेळी खरोखरची. नाही सांगितलं तर हौसाआत्याला उद्या दुसरीकडून कळणार, आणि मग सुरेखा नांदायला गेल्यावर त्याचं काय करतील, कोण जाणे. माझ्या डोळ्यांपुढं ती पिशवीवाली मंगल बसलेली.

"एकदा ठरलं हुतं तिचं," मी म्हटलं. "सुपारी झाल्यावर तिनं मोडलं."

मुलाचे वडील जमिनीकडं बघायला लागले.

"कशापायी?" हौसाआत्या म्हणाली.

"पोरगा इंदापूरच्या स्टँडवर झिंगून पडलेला तिनं सोताच्या डोळ्यानं बघितला. घरी येऊन बापाला म्हनली, मी न्हाय करनार. आबा आठ दिस जेवले न्हाईत. पन ती हलली न्हाय."

हौसाआत्यानं तोंडाला पदर लावला. मग तिच्या भावाला म्हणाली, "दादा, आपल्या वक्ताला असं म्हनता आलं आसतं का रं कुनाला?" ती उठली. "चला, पोरगी बगू. आन् बाई, आमी येताना च्या घिऊ."

दुपारी ती माणसं परत आली तेव्हा पुरुषांच्या डोक्यावर नव्या टोप्या होत्या आणि हौसाआत्याच्या कपाळाला मळवट भरावा तसं कुंकू. जमलं म्हणायचं. भजी तळायला घेतली.

तुम्हाला वाटलं असेल, गोष्ट संपली, बाई शहाणी ठरली. थांबा. दोन दिवसांनी सुरेखा आली. सायकल लिंबाला टेकवली आणि सरळ भट्टीपाशी.

"मावशी, माझी मोडलेली सोयरीक सांगायचा हक्क तुमाला कुणी दिला?"

मी म्हटलं, "अगं, जमली की नव्हं?"

"जमली म्हनून बरोबर? न्हाय जमली आसती तर? मीच सांगनार हुते त्याला. पोरगा येकटा भेटला की आदी त्येच सांगायचं, आसं ठरवून बसले हुते. त्यो खाली मान घालून म्हनला, मला म्हाईत हाय, हाटेलात कळलं. माझं सांगायचं ऱ्हायलंच!"

चहानं सांगितलं ते चुकलं होतं, तोंडानं सांगितलं तेही चुकलं होतं, कारण दोन्ही वेळा ज्या पोरीची गोष्ट तिला विचारलं नव्हतं. मी तिला म्हटलं, "बाळ, चुकलं माझं." ती म्हणाली, "व्हय, चुकलंच," आणि बाकावर बसून भजी खाल्ली. अजून येते बावड्याहून. अजून बोलून दाखवते.

तेव्हापासून आमच्या गावातल्या पोरी आधी मला येऊन सांगतात, मावशी, माझं हे सांगा, हे मी सांगीन. कुणी पोराची चौकशी करायला सांगतात. मी वही घातलीय त्यासाठी, कुणाला दाखवत नाही.

पातेल्याची बातमी मात्र हौसाआत्यानं माहेरच्या नि सासरच्या, दोन्ही तालुक्यांत पोचवली. नामदेवआबा काठी आपटत आले, "माझ्या थोरल्या पोरीच्या वक्ताला कंचा दिला हुता?" गोड दिला होता, तेव्हा शांत झाले. सगळे झाले नाहीत. एका घरचं कुणीही त्यानंतर आमच्या बाकावर बसलेलं नाही. समोरून जातात, मान वळवत नाहीत. त्यांच्या पोराच्या वेळी मी मागचं पातेलं वापरलं होतं आणि पाहुणे परत गेले होते. माझ्यामुळं गेले की त्यांची टोळी आली होती, देव जाणे. पण माफी मागायला मी गेले होते. दार उघडलं नाही.

आणि मंगलकडं गेले. ती आता बारामतीला एका मेसमध्ये स्वयंपाक करते, लेक कॉलेजात आहे. सगळं सांगितलं. मला वाटलं, हाकलून देईल. ती कणीक मळत ऐकत होती. मग म्हणाली, "मावशी, लगीन ठरवून वडील घरी आलं तवा आईनं इचारलं, कसं काय हाय? तर म्हनलं, फाट्यावरला च्या लय वंगाळ, बाकी समदं चांगलं हाय." आणि ती हसायला लागली. हसता हसता तिनं हातानं डोळे पुसले, आणि पीठ गालाला लागलं. मग तिनं माझ्यापुढं पोळपाट सरकवला, आणि आम्ही दोघींनी मिळून साठ माणसांच्या चपात्या लाटल्या.

आता एकच गोष्ट मला सुखानं बसू देत नाही. ती खूण खरंच कुणाला कळत होती का? मी जाईन तिथं म्हाताऱ्यांना विचारते. निरवांगीच्या एका मेंढकेबाबांनी "व्हय, ठावं हुतं की" असं सांगितलं. मला आनंद झाला. मग मी मुद्दाम विचारलं, "बाबा, हॉटेलाला दोन मजले होते ते आठवतात का?" तेही म्हणाले, "व्हय की." म्हणून तो साक्षीदार बाद. बावड्याच्या बाजारात एक आजी भेटली, ती म्हणाली, तिचा नवरा एकदा आमच्या फाट्यावरून सोयरिकीविना परत आला होता आणि कारण विचारलं तर नुसता हसला होता. नवरा वारला. आता त्या हसण्यात काय होतं, ते कुणाला विचारू?

म्हणून तुम्हाला लिहितेय. तुमच्या घरात कुणी आजोबा, आजी, चुलते असतील, पूर्वी निरवांगीकडं सोयरिकीला गेलेले, तर त्यांना विचारा, लिंबाखालच्या हॉटेलात कधी फिक्का चहा प्यालात का, आणि पिऊन काय समजलात. कुणाला आठवत असेल तर फोनवर सांगू नका. त्यांना घेऊनच या. चालता येत नसेल तर गाडी अगदी भट्टीपर्यंत येते, मी बाहेर येईन. पण पुढच्या दिवाळीवर ढकलू नका. अशी माणसं थोडी राहिलीत, आणि मीही काही तरणी नाही. या आठवड्यात जमेल का बघा. मी रोज सकाळपासून असते.